फुंशाल

फुंशाल : अटलांटिक महासागरातील पोर्तुगालच्या मदीरा द्वीपसमूहाची राजधानी व यूरोपातून आफ्रिका, अमेरिका आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जलमार्गांवरील एक जुने बंदर. लोकसंख्या १,०५,७९५ (२०२१). मदीरा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिस्बनच्या नैर्ऋत्येस सु. १,००० किमी. अंतरावर ते वसले आहे. मदीरा हे ज्वालामुखीजन्य बेट सु. ५७ किमी. लांब व २२ किमी. रुंद असून त्याचे सर्वोच्च शिखर पीकू रुइव्हू १,८६२ मी. उंच आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरात जमीन एवढी चढत असल्याने सपाट भूमी जवळजवळ नाहीच. फुंशालच्या उपसागराभोवती मात्र डोंगर अर्धवर्तुळाकार मागे सरले असून सांव जुआंव, सांता लुझीया व जुआंव गोमिश हे तीन ओढे तेथे समुद्रास मिळतात. या रंगमंडलासारख्या उतारावर शहराची घरे एकावर एक चढत गेलेली दिसतात.

बेटाच्या नावामुळे मराठी वाचकास ‘मदिरा’ या शब्दाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बेट मद्यासाठी प्रसिद्धही आहे. तथापि हे साम्य केवळ योगायोगाचे होय. पोर्तुगीज भाषेत ‘मदैरा’ म्हणजे लाकूड. पहिल्या वसाहतवाल्यांना बेटावर घनदाट अरण्य आढळल्यामुळे हे नाव पडले. फुंशाल हे नाव किनाऱ्यालगत विपुल वाढलेल्या रानटी बडीशेपेवरून (पोर्तुगीज ‘फुंशू’) आलेले आहे.

या बंदराचा इतिहास समजण्यासाठी प्रथम वाऱ्यांचा विचार करावा लागतो. यूरोपातून दक्षिणेस निघालेल्या शिडाच्या जहाजांना पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून ईशान्य व्यापारी वारे व कानेरी सागरी प्रवाह नैर्ऋत्येकडे नेत, आणि त्या वाटेवर मदीरा हा पहिलाच सोयीचा थांबा होता. परतीची जहाजे पश्चिमी वाऱ्यांचा लाभ घेण्यासाठी बरीच उत्तरेकडून, आसोरिश बेटांवरून येत. म्हणून फुंशाल हे मुख्यतः बाहेर पडणाऱ्यांचे बंदर ठरले. पाणी, ताजे मांस, भाजीपाला व मद्य घेऊन जहाज पुढच्या दीर्घ प्रवासास लागे. नैसर्गिक बंदर म्हणून मात्र ही जागा सामान्यच होती. उपसागर दक्षिणेस पूर्णपणे उघडा असल्याने तेथे नांगरवाड्यापलीकडे निवारा नव्हता, आणि हिवाळ्यात दक्षिणेचे वादळ उठले, की दोर तोडून खोल समुद्र गाठण्यावाचून जहाजांना गत्यंतर नसे. फुंशालचा उत्कर्ष बंदराच्या गुणांमुळे झाला नसून त्याच्या स्थानामुळे झाला. आणि स्थानाचे महत्त्व दुसऱ्यांच्या गरजांनुसार बदलत असल्याने शहराचा धंदाही प्रत्येक युगात बदलत गेला.

चौदाव्या शतकातील नकाशांत ही बेटे दाखविलेली आढळतात. परंतु त्यांवर मनुष्यवस्ती नव्हती. राजपुत्र हेन्री द नॅव्हिगेटर याच्या पदरी असलेले जुआंव गोन्सालव्हिश झार्कू, त्रिश्तांव व्हाझ तैशैरा व बार्तुलुमेउ पेरेश्त्रेलू यांनी १४१८ ते १४२० च्या सुमारास पोर्तू सांतू व मदीरा ही बेटे पोर्तुगालच्या ताब्यात आणली. पुढे या तिघांना वंशपरंपरागत कप्तानगिऱ्या देण्यात आल्या. त्यांपैकी फुंशालची झार्कूला १४५० मध्ये मिळाली. लागवडीसाठी लावलेली आग सात वर्षे धुमसत होती, अशी दंतकथा आहे. सात वर्षांचा आकडा अतिशयोक्त असला, तरी दक्षिण उतारावरील अरण्य या काळात झपाट्याने नष्ट झाले, यात शंका नाही. उत्तरेकडील दुर्गम दऱ्यांत जे उरले, त्या सदाहरित लॉरेल वनाचा यूनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

दक्षिण उतारावर ऊन भरपूर पण पाऊस अपुरा, तर उत्तरेस पाऊस मुबलक पण जागा अवघड, अशी बेटाची स्थिती आहे. म्हणून डोंगराच्या कुशीतून अरुंद पाट खोदून पाणी दक्षिणेस आणण्यात आले. त्यांना ‘लेव्हादा’ म्हणतात. कोकणातील बागायतीचे पाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यामागील कल्पना चटकन ध्यानात येईल. फरक एवढाच, की येथे पाट शेकडो फूट उंचीच्या उभ्या कड्यांतून नेलेले आहेत. कामगारांना दोरांनी कड्यावर लोंबकळत खडक फोडावा लागे व त्यांत पुष्कळांचे प्राण गेले. पंधराव्या शतकात सुरू झालेले हे काम विसाव्या शतकापर्यंत चालू होते. आज लेव्हादांच्या कडेने जाणाऱ्या पाऊलवाटा पर्यटकांचे मोठे आकर्षण होऊन बसल्या आहेत.

या पाण्यावर पहिले मोठे पीक उभे राहिले ते उसाचे. ऊस ही मुळात पूर्वेकडील वनस्पती. साखरेला पोर्तुगीज भाषेत असलेला ‘असूकार’ हा शब्दही संस्कृत ‘शर्करा’वरून अरबीच्या द्वारा आलेला आहे. उसाची रोपे सिसिलीहून मदीरात आणल्याचे सांगतात. १४५२ मध्ये दियोगू द तैव्ह याला पाण्यावर चालणारा उसाचा घाणा उभारण्याची परवानगी मिळाली आणि त्यानंतर उत्पादन वेगाने वाढले. भाव पडू नयेत म्हणून राजा मानुएल याने १४९८ मध्ये निर्यातीवर १,२०,००० आरोबांची (सु. १,७०० टन) मर्यादा घातली, त्यांतील एक-तृतीयांश साखर एकट्या फ्लँडर्सकडे जाई. जेनोआ, फ्लॉरेन्स व फ्लँडर्स येथील व्यापारी फुंशालमध्ये राहू लागले. क्रिस्तोफर कोलंबस १४७८ मध्ये येथे आला तो अशाच एका जेनोई पेढीसाठी साखर खरेदी करण्याकरिता. या व्यवहारातील पैशांच्या वादाबाबत त्याने १४७९ मध्ये जेनोआत दिलेली जबानी उपलब्ध आहे. त्याचा विवाह पोर्तू सांतूच्या पेरेश्त्रेलूच्या मुलीशी झाला आणि तिसऱ्या सफरीच्या वेळी (१४९८) तो पुन्हा फुंशालला थांबला.

साखरेच्या पैशाने शहर घडविले. २१ ऑगस्ट १५०८ रोजी त्याला नगराचा दर्जा मिळाला. नगराच्या मानचिन्हावर शंकूच्या आकाराच्या साखरेच्या पाच ढेपा आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. फ्लँडर्सला गेलेल्या साखरेच्या बदल्यात तेथील नामांकित चित्रकारांची मोठी धार्मिक चित्रे बेटावर आली व जुन्या बिशपवाड्यातील धार्मिक कलेच्या संग्रहालयात ती आज पाहावयास मिळतात. कॅथीड्रल याच काळातले असून त्याचे मूरिश वळणाचे लाकडी छत बेटावरील देवदाराचे आहे. परंतु घाण्यांवर व उसाच्या शेतांत राबणाऱ्यांत कानेरी बेटांतून, उत्तर आफ्रिकेतून व गिनीच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेले गुलाम होते. ऊस, भांडवल आणि गुलामांचे श्रम यांची जी सांगड प्रथम येथे लहान प्रमाणावर बसली, तीच पुढे सांव तोमे व ब्राझील येथे अतिविशाल प्रमाणावर वापरली गेली. मदीराच्या वैभवाचे हे अंग संग्रहालयातील चित्रांत दिसत नाही. ब्राझीलची स्वस्त साखर, दमलेली जमीन आणि घाण्यांच्या भट्ट्यांसाठी झालेली जंगलतोड यांमुळे सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून बेटावरील साखरधंद्यास उतरती कळा लागली.

फुंशालचा गोव्याशी असलेला संबंध याच काळात जुळला आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. १५१४ मध्ये दहाव्या लिओ पोपने फुंशालचा धर्मप्रांत स्थापन केला, तेव्हा पोर्तुगिजांनी शोधलेले आफ्रिकेपासून भारतापर्यंतचे सर्व प्रदेश त्याच्या अधिकारात देण्यात आले. १५३३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला व १५३४ मध्ये स्थापन झालेला गोव्याचा धर्मप्रांत त्याच्या अधीन राहिला. अशा रीतीने मांडवीकाठच्या चर्चचा वरिष्ठ काही काळ अटलांटिकमधील या लहानशा बेटावर होता, निदान कागदोपत्री तरी. कारण फुंशालचा पहिला बिशप दियोगू पिन्येइरू याने बेटावर कधी पाऊलही ठेवले नाही. ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. १५५१ मध्ये फुंशालचा वरचा दर्जा काढून घेऊन ते लिस्बनच्या अधीन करण्यात आले आणि गोवे पुढे स्वतःच पूर्वेकडील महाधर्मप्रांताचे केंद्र झाले.

संपन्न पण असंरक्षित बंदराचे जे व्हायचे ते १५६६ मध्ये झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पेरो द मोंल्यूक याच्या नेतृत्वाखाली फ्रेंच चाच्यांनी शहरावर हल्ला करून सुमारे पंधरवडाभर लूट व कत्तल केली. मोंल्यूक स्वतः यात मारला गेला. त्यानंतर तटबंदीच्या कामास गती आली. सांव लोरेंसू हा किल्ला वाढविण्यात आला, तर सांव तियागू सतराव्या शतकात बांधण्यात आला. पिवळ्या रंगाने रंगविलेला सांव तियागू जुन्या वस्तीच्या पूर्व टोकाला उभा आहे.

साखरेची जागा मद्याने घेतली. क्रीटहून आणलेली माल्व्हाझिया जातीची द्राक्षे बेटावर पूर्वीपासून होतीच. परंतु मदीराच्या मद्याला बाजारपेठ मिळवून दिली ती इंग्लंडच्या राजकारणाने. दुसऱ्या चार्ल्सचा ब्रागांझाच्या कॅथरिनशी विवाह (१६६२) झाला, तेव्हा मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्याच सोयरिकीच्या तहाने पोर्तुगीज प्रदेशांतील इंग्रज व्यापाऱ्यांच्या सवलती वाढल्या. १६६३ च्या इंग्रजी नौकानयन कायद्याने यूरोपचा माल इंग्लंडमार्गेच वसाहतींत नेण्याची सक्ती केली. पण मदीरा व आसोरिशच्या मद्याला त्यातून वगळले. फुंशालहून थेट अमेरिकेस मद्य नेता येऊ लागल्याने बॉस्टन, न्यूयॉर्क व चार्ल्सटन येथे ते प्रतिष्ठितांचे पेय झाले. १७६८ मध्ये बॉस्टनच्या जकात अधिकाऱ्यांनी जॉन हॅनकॉकचे ‘लिबर्टी’ हे जहाज जप्त केल्यामुळे दंगल उसळली; त्या जहाजात मदीराचे मद्यच होते.

या मद्याचा विशेष गुण शोधून काढला तो व्यापाऱ्यांनी नव्हे, तर प्रवासाने. टिकावे म्हणून त्यात ब्रँडी मिसळण्याची पद्धत अठराव्या शतकात रूढ झाली. पूर्वेकडे अथवा ब्राझीलकडे गेलेली काही पिंपे न विकली गेल्यामुळे परत आली, तेव्हा उष्ण कटिबंधातील उकाडा व जहाजाचे हेलकावे यांमुळे मद्य नासण्याऐवजी अधिक स्वादिष्ट झाल्याचे आढळले. मग पिंपे मुद्दाम भारतापर्यंत फिरवून आणण्यात येऊ लागली. अशा मद्याला ‘व्हिन्यू द रोदा’ म्हणजे फेरी मारून आलेले मद्य म्हणत व त्यास चढा भाव मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा समुद्रप्रवास टाळून फुंशालमध्येच तापविलेल्या कोठारांत मद्य ठेवण्याची युक्ती निघाली. उत्तम प्रतीचे मद्य मात्र अजूनही वखारीच्या उबदार माळ्यावर वर्षानुवर्षे मुरविले जाते. जेम्स कुकने आपल्या पहिल्या सफरीत, सप्टेंबर १७६८ मध्ये, येथून सुमारे तीन हजार गॅलन मद्य घेतले. ऑगस्ट १८१५ मध्ये सेंट हेलेनाकडे नेला जाणारा नेपोलियन फुंशालच्या नांगरवाड्यात जहाजावरच थांबला होता. त्याला किनाऱ्यावर उतरू देण्यात आले नाही; ब्रिटिश वकील हेन्री वीच याने त्याची भेट घेतली व त्याला मद्य दिले. त्या आधी नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळातच ब्रिटिश सैन्य दोनदा (१८०१–०२ व १८०७–१४) बेटावर येऊन राहिले होते. परिणामी मद्याचा व्यापार बहुतांशी ब्रिटिश घराण्यांच्या हाती गेला.

द्राक्षे पिकविणाऱ्याची स्थिती मात्र वेगळी होती. बेटावर ‘कोलोनिया’ नावाची कूळपद्धती होती. जमीन मालकाची, तिच्यावरील दगडी बांध, झाडे, झोपडी कुळाची, आणि पीक सामान्यतः निम्मे-निम्मे. कुळाला काढायचे झाल्यास त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई मालकाला द्यावी लागे. वरवर कुळाला संरक्षण देणारी ही तरतूद प्रत्यक्षात त्याला त्याच तुकड्याशी पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवी, कारण ते बांध घेऊन त्याला कोठे जाता येत नसे. आपल्याकडील अर्धेलीच्या पद्धतीशी तिचे साम्य आहे, पण जमिनीवरील बांधकामाची वेगळी मालकी हा मदीराचा विशेष होय. ही पद्धत कायद्याने संपुष्टात आली ती १९७७ मध्ये, म्हणजे पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळून बेटांना स्वायत्तता (१९७६) मिळाल्यानंतर.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संकटे एकामागून एक आली. १८४६–४७ मध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेल्यामुळे उपासमार झाली; १८५२ पासून भुरी रोगाने व १८७२ पासून फायलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. माणसे आता जहाजांवर मद्य चढविण्याऐवजी स्वतःच चढू लागली. ब्रिटिश गियानात गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३५ पासून मदीराचे लोक तेथे जाऊ लागले. १८८० च्या सुमारापर्यंत तेथे पोहोचलेल्या पोर्तुगिजांची संख्या तीस हजारांच्या आसपास होती व त्यांत बहुसंख्य मदीराचे होते. १८३८ मध्ये त्याच मळ्यांवर भारतातील करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी उतरली. जे बेट एके काळी गुलामांच्या श्रमावर साखर पिकवीत होते, तेथीलच शेतकरी गुलामांची जागा भरण्यासाठी दुसऱ्यांच्या साखरमळ्यांवर गेले. हवाईकडे गेलेल्यांची कथा थोडी अधिक सुखद आहे. १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलूलूस गेलेल्या मदीराच्या कारागिरांनी आपले ‘ब्रागिन्या’ हे चार तारांचे लहान वाद्य तेथे नेले आणि त्यातूनच जगप्रसिद्ध ‘युकुलेले’ निर्माण झाले. विसाव्या शतकात हा ओघ दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांकडे वळला.

बेटावर राहिलेल्या कुटुंबांना आधार दिला तो बायकांच्या सुईने. फेल्प्स या इंग्रज व्यापारी घराण्यातील एलिझाबेथ फेल्प्स हिने १८५० च्या दशकात येथील भरतकाम लंडनमध्ये विकण्याची व्यवस्था केली. पुढे जर्मन व्यापाऱ्यांनी तो संघटित धंदा केला. नक्षी फुंशालच्या पेढीत कापडावर छापली जाई, भरतकाम डोंगरातील घरांत होई व मजुरी टाक्यांच्या संख्येवर मिळे.

आगबोटींच्या युगात फुंशाल कोळशाचे ठाणे बनले. साउथॅम्प्टनहून केपटाउनकडे जाणाऱ्या टपालबोटी येथे थांबत. १८७४ मध्ये लिस्बनहून मदीरामार्गे ब्राझीलला जाणारी समुद्री तारही येथे पोहोचली. भारताच्या इतिहासातील एका प्रसंगाशी या दोहोंचा संबंध येतो. ट्रान्सव्हालमधील आशियाईविरोधी कायद्याबद्दल दाद मागण्यासाठी गेलेले म. गांधी व हाजी ओजीर अली डिसेंबर १९०६ मध्ये इंग्लंडहून परतत असता, कायद्यास संमती देण्याची शिफारस करण्यास वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी तूर्त नकार दिल्याची तार त्यांना मदीरालाच मिळाली. तेथून केपटाउनपर्यंतचे दिवस त्यांनी आनंदात काढले. तो आनंद अल्पजीवी ठरल्याचे गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात सांगितले आहे.

त्याच आगबोटींनी क्षयरोगी आणले. सौम्य हिवाळ्यामुळे डॉक्टर यूरोपीय श्रीमंतांना मदीरास पाठवीत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १८६०–६१ चा हिवाळा येथे काढला. रीड्स हे प्रसिद्ध हॉटेल १८९१ मध्ये सुरू झाले. ऑस्ट्रिया-हंगेरीचा अखेरचा सम्राट कार्ल यास दोस्त राष्ट्रांनी हद्दपार करून नोव्हेंबर १९२१ मध्ये येथे आणले. शहरातील खर्च न झेपल्याने त्याचे कुटुंब वरच्या माँत या धुकट, दमट भागात राहावयास गेले आणि १ एप्रिल १९२२ रोजी न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. माँतच्या चर्चमध्ये त्याचे दफन झालेले आहे.

पहिल्या महायुद्धात ३ डिसेंबर १९१६ रोजी जर्मन पाणबुडीने नांगरवाड्यातील तीन जहाजे बुडवून शहरावर तोफा डागल्या. वर्षभराने, १२ डिसेंबर १९१७ रोजी, दुसरा मारा झाला. एप्रिल १९३१ मध्ये येथील सैन्य व नागरिक यांनी लिस्बनच्या हुकूमशाहीविरुद्ध केलेला उठाव महिनाभरात मोडून काढण्यात आला.

शहराला त्याच्या ओढ्यांकडून असलेला धोका समुद्राकडून असलेल्या धोक्यापेक्षा कमी नाही. ९ ऑक्टोबर १८०३ च्या पुरात शेकडो माणसे मेली. त्यानंतर लष्करी अभियंता रेनाल्दू उदिनो याने ओढ्यांना दगडी भिंतींनी बांधून काढले. पुढे वाढत्या शहराने हे ओढे जागोजागी झाकून त्यांवर रस्ते केले. २० फेब्रुवारी २०१० रोजी अतिवृष्टीने दगडगोट्यांसह लोटलेल्या पाण्याने चाळीसांहून अधिक बळी घेतले. त्यात वाढीव बांधकामाचा वाटा किती, याबद्दल वाद झाला. पण ओढ्याने आपली जुनीच वाट धरली होती, हे नाकारता येत नाही.

मोठ्या जहाजांना धक्का बराच उशिरा मिळाला. किनाऱ्याजवळील खडकाळ बेटके जोडून पोंतीन्या हा बांध अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पुढे नेण्यात आला व विसाव्या शतकात त्याची लांबी वाढविण्यात आली. तोवर प्रवासी होड्यांतून गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरत. जहाज आले, की फळे, वेताच्या वस्तू व भरतकाम घेऊन विक्रेत्यांच्या होड्या त्यास गराडा घालीत आणि प्रवाशांनी फेकलेली नाणी काढण्यासाठी मुले पाण्यात बुड्या मारीत. १९६४ मध्ये विमानतळ सुरू झाला. डोंगर व समुद्र यांच्यामधील त्याची आखूड धावपट्टी २००० मध्ये समुद्रकाठी खांबांवर वाढविण्यात आली. केपटाउनच्या टपालबोटी १९७७ मध्ये बंद पडल्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मालवाहतूक पूर्वेकडील कानिसाल बंदरात हलविण्यात आल्यावर फुंशालचा धक्का मुख्यतः प्रवासी जहाजांचा झाला. २०१० नंतरच्या दशकात बऱ्याच वर्षी या जहाजांतून पाच लाखांहून अधिक प्रवासी आले.

हा प्रवासी सकाळी उतरतो व बहुधा त्याच सायंकाळी जातो. कॅथीड्रलचे छत, १९४० मध्ये बांधलेली निळ्या-पिवळ्या फरशांची शेतकरी मंडई, मद्याच्या वखारी आणि सांता मारियाचा जुना रस्ता तो पायीच पाहू शकतो. तारेच्या पाळण्यातून तो माँतला जातो. १८९३ मध्ये सुरू झालेली दातेरी रुळांची आगगाडी तेथे जात असे. १९१९ मधील बाष्पकाच्या स्फोटानंतर तिची रया गेली व १९४३ मध्ये ती बंद झाली. उतरताना पांढऱ्या पोशाखातील दोन गडी वेताची घसरगाडी दोरांनी आवरीत उतारावरून खाली आणतात. एकोणिसाव्या शतकात हे वरच्या वस्तीतील लोकांचे रोजचे वाहन होते. भरतकामाच्या रुमालाची किंमत त्याला जास्त वाटते. डोंगरउतारावरील दगडी बांध जहाजाच्या कठड्यावरून सुंदर दिसतात; पण ते कुळांनी रचलेले आहेत, हे मार्गदर्शक क्वचितच सांगतो.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे प्रवासी जहाजांची ये-जा थांबली व धक्का काही महिने ओस पडला. ती पुढे पूर्ववत झाली. ३१ डिसेंबरच्या रात्री साऱ्या डोंगरउतारावरून होणारे शोभेचे दारूकाम पाहण्यासाठी आता पुन्हा अनेक जहाजे उपसागरात एकत्र येतात. त्यांपैकी बरीचशी जुन्या काळाप्रमाणे धक्क्यापासून दूर, उघड्या समुद्रातच उभी असतात.